अट क्रमांक तीन

माझ्या कपाटात एक फाईल आहे. तिच्यातली बहुतेक पत्रे माझीच आहेत. ती ज्यांना लिहिली ते अधिकारी आता निवृत्त झाले आहेत, काही वारलेही. दिवाणी न्यायालयात मी कारकुनी केली आणि शेवटची काही वर्षे नाझर होतो. नाझर म्हणजे समन्स आणि जप्तीचे हुकूम बेलिफांकडून बजावून घेणारा माणूस. जे लेखी नाही ते घडलेच नाही, असे मानण्याची सवय त्या नोकरीने मला लावली. म्हणून अन्याय दिसला की मी पत्र लिहितो, पोच मागतो, पोच आली नाही तर स्मरणपत्र पाठवतो. गावात माझी अशीच ख्याती होती आणि मला तिची लाज वाटत नाही.

मात्र फाईलच्या तळाशी असलेला कागद कोणाविरुद्धची तक्रार नाही. तो माझा स्वतःचा अर्ज आहे, माझ्याच अक्षरातला, समास सोडून, परिच्छेदांना क्रमांक देऊन लिहिलेला. त्यातल्या एका वाक्याने नऊ बायकांचा खेळ बंद पडला. त्या नवांत माझी पत्नी होती. नगरपालिकेवर मी पुढे वर्षानुवर्षे जो संताप काढला तो खोटा नव्हता. पण आरोपींच्या यादीत पहिले नाव माझे हवे होते, आणि ते मी कोणत्याही पत्रात घातले नाही. ते येथे घालतो.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर माझी बदली जळगाव आणि धुळे यांच्या मधल्या एका तालुक्याच्या गावी झाली. गावाचे नाव लिहीत नाही, कारण अशी नगरपालिका तेव्हा कोणत्याही गावची असू शकली असती. आम्ही न्यायालयाच्या कर्मचाऱ्यांसाठी बांधलेल्या चाळीत राहत होतो. शेजारच्या खोल्यांत आमच्याच न्यायालयाचा एक बेलिफ राहत असे. त्याच्या पत्नीला सगळी चाळ अक्का म्हणे. अक्का उंच, रुंद आणि वजनदार होती. ती दारात उभी राहिली की घरात अंधार होई, असे तिचा नवरा म्हणायचा, आणि सर्वांत आधी तीच हसायची.

माझी पत्नी धुळ्याजवळच्या एका खेड्यातली, शेतकऱ्याच्या घरातली. अंगाने काटकुळी. लग्नाआधी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी लिंबाला झोके बांधत तेव्हा उभ्याने सर्वांत उंच झोका तिचा जात असे, हे मला तिच्या भावाकडून कळले. तिने स्वतः कधी सांगितले नाही, मीही विचारले नाही. लग्नानंतरच्या वीस वर्षांत मी तिला चालताना पाहिले, वाकताना पाहिले, पाणी भरताना पाहिले. पळताना कधी पाहिले नव्हते.

चाळीमागे नगरपालिकेच्या प्राथमिक शाळेचे मैदान होते. शाळा सुटल्यावर ते मोकळे पडे. एका संध्याकाळी अक्काने चुलीतली राख सुपात भरून नेली, मैदानावर आडव्या रेघा ओढल्या आणि चाळीतल्या बायकांना हाका मारल्या. आट्यापाट्या मांडल्या होत्या. ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: प्रत्येक आडवी रेघ म्हणजे एक पाटी. पाटीवर एक जण उभा राहतो आणि त्याने त्या रेघेवरच सरकायचे. दुसऱ्या बाजूच्या गड्यांनी त्याला हुलकावणी देऊन एकेक पाटी ओलांडत पलीकडे जायचे. पाटीवाल्याचा हात लागला की गडी बाद.

त्या बायका तिशीपासून पन्नाशीपर्यंतच्या होत्या. चपला एका ओळीत काढून ठेवायच्या, पदर कमरेला खोचायचा आणि सुरू. पहिल्या आठवड्यात मी कुंपणाच्या आतून पाहिले आणि मला ते विचित्र वाटले, हे कबूल करतो. दुसऱ्या आठवड्यात माझी संध्याकाळची वर्तमानपत्रे वाचायची राहू लागली.

अक्काच्या पाटीवरून कोणी जाऊ शकत नसे. ती हात पसरून उभी राहिली की डावीकडूनही वाट नाही आणि उजवीकडूनही नाही. वर ती तोंडानेही पाटी धरायची.

"ये वं बारके, ये! आज दखाडस तुले," दाखवतेच तुला, असा दम ती माझ्या पत्नीला भरायची.

"अक्का, तुम्ही उभ्या ऱ्हायन्यात का बठ्ठी वाट बंद!"

"मंग? देवनी माले इतली रुंद कसाले करी? पाटी धराले!"

माझी पत्नी तिच्यासमोर येऊन क्षणभर थांबे. डावा खांदा पुढे टाकी. अक्का डावीकडे झेपावे आणि ही उजवीकडून, तिच्या हाताखालून वाकून निघून जाई. दहांतून एखाद्या वेळीच. बाकीच्या नऊ वेळा अक्काचा पंजा तिच्या पाठीवर बसे आणि "बाद!" असा आवाज चाळीच्या पुढच्या दारापर्यंत जाई. पण त्या दहाव्या खेपेसाठी ती दुपारपासून भांडी घासताना, पीठ मळताना खांदा हलवून पाहत असे. घरी येताना तिचे पाय घोट्यापर्यंत राखेने माखलेले असत. ती ते लगेच धूत नसे.

त्या नऊ जणींत कोणाचे वजन किती होते हे मला ठाऊक नव्हते. त्यांनाही नव्हते. कोणी विचारले असते तर त्यांनी त्याला वेड्यात काढले असते.

दीड महिन्याने शाळेच्या मुख्याध्यापकांनी निरोप पाठवला: सार्वजनिक जागेचा वापर विनापरवानगी होत आहे, तरी लेखी मंजुरी आणावी. बायका माझ्याकडे आल्या. नाझरसाहेब असताना अर्जाची काय चिंता, असे अक्का म्हणाली आणि मला ते आवडले. तो प्रांत माझा होता. मी कोरा फुलस्केप घेतला, विषय लिहिला, अर्जदारांची नावे लिहिली, आणि तिसऱ्या परिच्छेदाशी थांबलो.

"कारण काय लिहू?" मी पत्नीला विचारले.

ती पोळ्या लाटत होती. "खेळायचं म्हणून लिहा."

"खेळायचं हे कारण होत नाही."

"मग?"

"जागा कोणत्या प्रयोजनासाठी हवी, ते दाखवावं लागतं. सार्वजनिक हित. आरोग्य. असं काहीतरी."

"आम्हाला आवडतं." ती लाटणे थांबवून म्हणाली. "आवडतं, हे लिहिता येत नाही?"

मी हसलो. तीस वर्षे अर्ज वाचलेल्या माणसाचे ते हसणे होते. अर्जात आवडीला रकाना नसतो, हे मी तिला समजावून सांगितले. मग मी लिहिले: 'सबब, सदर महिलांमधील स्थूलपणा व अतिरिक्त वजन कमी करण्याच्या हेतूने त्यांना नियमित व्यायामासाठी मैदान उपलब्ध करून द्यावे.' वाक्य भरीव झाले होते. मी ते मोठ्याने वाचून दाखवले.

पत्नीने स्वतःच्या मनगटाकडे पाहिले, त्यावरून बांगड्या कोपरापर्यंत सरकत असत. "माले काय वजन शे?" ती म्हणाली. ती घरात माझ्याशी माझ्यासारखे बोलत असे. फार गंमत वाटली किंवा फार लागले, की तिची बोली बाहेर येई. त्या दिवशी तिला गंमत वाटली असे मी धरून चाललो.

"तो नुसता कागद असतो," मी म्हणालो.

नुसता कागद! ज्या माणसाने एका कागदामुळे माणसांची घरे रिकामी होताना पाहिली त्याने हे म्हणावे.

मंजुरी तीन आठवड्यांत आली, म्हणजे आश्चर्यकारक वेगाने. वेळ संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा. अट क्रमांक एक, मैदान स्वच्छ ठेवावे. अट क्रमांक दोन, शाळेच्या मालमत्तेस हानी पोहोचू नये. अट क्रमांक तीन मी पाठ सांगू शकतो: 'लाभार्थी महिलांचे वजन दरमहा आरोग्य विभागामार्फत घेण्यात येईल व त्याची नोंद ठेवण्यात येईल. ज्यांच्या वजनात सलग तीन महिने घट आढळून येणार नाही, तसेच ज्यांना वजन कमी करण्याची आवश्यकता नाही, त्यांचा समावेश रद्द समजण्यात येईल.'

कायद्याच्या दृष्टीने त्या अटीत दोष नव्हता. मी ज्या हेतूने जागा मागितली, तो हेतू साध्य होतो की नाही हे त्यांनी तपासायचे ठरवले. माझ्या शब्दांनीच मला बांधले होते. तरीही मी आदेश वाचून खूश झालो, मंजुरी मिळाली म्हणून.

वजन घ्यायच्या दिवशी स्वच्छता निरीक्षक आले, त्यांच्यामागे एक कारकून आणि एक हातगाडी. नगरपालिकेकडे माणसांचा काटा नव्हता. म्हणून त्यांनी जकात नाक्यावरचा आणला होता, पोती तोलण्याचा, लोखंडी फळीचा, दांडीवर वजन सरकवायचा. फळीच्या खाचांत लाल मिरचीची भुकटी अजून अडकलेली होती. काटा जमिनीवर ठेवताना ती उडाली आणि रांगेतल्या दोघी-तिघी शिंकू लागल्या. मैदानाच्या भिंतीवर बघे येऊन बसले होते. गाडीवरून जकातीचा काटा शाळेत का चालला, हे पाहायला ते मागोमाग आले होते.

अक्का पहिली चढली. फळी करकरली. निरीक्षकांनी दांडीवरचे वजन पुढे, आणखी पुढे सरकवले आणि कारकुनाला ऐकू जावे म्हणून आकडा मोठ्याने सांगितला. तो आकडा मी येथे देत नाही. त्या दिवशी जितक्यांनी ऐकला तेवढे पुरे. भिंतीवरून कोणीतरी म्हणाले, "यावर जकात लागेल, साहेब!" भिंत हसली. निरीक्षकही हसले.

"कसाले मोजतस माले?" अक्का म्हणाली. "मी काय कापूसनं गाठोडं शे?"

सगळे पुन्हा हसले, कारण अक्का बोलली की हसायचे असते. अक्का मात्र हसली नव्हती. आपल्या रुंदीवर झालेल्या विनोदात ती पहिल्यांदाच सामील झाली नाही, आणि ते माझ्याखेरीज कोणाच्या ध्यानात आले की नाही, मला ठाऊक नाही.

माझी पत्नी शेवटची चढली. निरीक्षकांनी वजन मागे सरकवत नेले. "बाई, तुम्ही कशाला आलात?" ते म्हणाले. "तुमचं वजन कमी करायचं तर हाडं काढावी लागतील." मग कारकुनाकडे वळून, "यांना आवश्यकता नाही. नाव खोडा."

कारकुनाने लाल शाईने रेघ मारली.

ती काट्यावरून उतरली नाही. तिथूनच तिने माझ्याकडे पाहिले. मी मंजुरीचा आदेश हातात धरून उभा होतो. मी काय करायला हवे होते ते आज मला स्पष्ट दिसते. मी तो कागद फाडायला हवा होता. निदान गप्प राहायला हवे होते. पण आदेशात डोके घालून, एका कार्यालयाने दुसऱ्या कार्यालयाशी बोलावे तसे, मी म्हणालो, "अट तीनप्रमाणे ते बरोबर आहे."

ती उतरली. चपला घातल्या आणि घरी गेली.

पुढचे तीन महिने खेळ चालला, जर त्याला खेळ म्हणायचे असेल तर. माझी पत्नी शाळेच्या पायरीवर बसे आणि बाकीच्यांच्या चपला सांभाळे. कोणी तिला ते काम सांगितले नव्हते. अक्काने एकादशी आणि चतुर्थीखेरीज आणखी तीन उपवास धरले. एकदा पाटीवर उभी असताना ती चक्कर येऊन खाली बसली. एरवी तिच्या जवळपास फिरकू न शकणाऱ्या बायका तिच्या दोन्ही बाजूंनी निघून गेल्या, आणि पलीकडे जाऊन त्यांना काय करावे ते सुचेना. ओरडायचे असते, पण कोणी ओरडले नाही. आता त्या खेळताना एकमेकींच्या कमरेकडे, दंडाकडे पाहत. तुझा आकडा उतरला, माझा नाही उतरला. चौथ्या वजनाला अक्काचा आकडा होता तिथेच होता. तिचेही नाव खोडले गेले. पुढच्या आठवड्यात मैदानावर कोणी गेले नाही. राखेच्या रेघा वाऱ्याने गेल्या.

भांडण झाले नाही. झाले असते तर बरे झाले असते. पत्नी माझ्याशी बोलत होती, चहा देत होती, पाहुण्यांत हसत होती. एका रात्री जेवताना मी म्हणालो, "मी वर पत्र लिहिणार आहे. अट रद्द करून घेतो."

"लिहा," ती म्हणाली. "कारण काय लिहाल?"

मी लिहिले. मुख्याधिकाऱ्यांना लिहिले, नगराध्यक्षांना लिहिले, जिल्ह्याच्या ठिकाणी लिहिले. अट मूळ हेतूशी विसंगत आहे, अट महिलांच्या प्रतिष्ठेला बाधक आहे, काटा अयोग्य होता, आकडा जाहीर करणे गैर होते. प्रत्येक शब्द खरा होता. 'आपला अर्ज प्राप्त झाला असून योग्य ती कार्यवाही करण्यात येत आहे,' अशी उत्तरे येत राहिली. मी स्मरणपत्रे पाठवत राहिलो. बदली झाली तरी पाठवत राहिलो.

नव्वदच्या दशकाच्या पहिल्या काही वर्षांत मी जळगावला निवृत्त झालो आणि आम्ही मेहरूणच्या बाजूला, तलावापासून थोड्या अंतरावर छोटे घर बांधले. पत्नीला रक्तातल्या साखरेचा आजार निघाला, गुडघेही बोलू लागले. डॉक्टरांनी सांगितले, रोज तासभर चाला, वजन वाढू देऊ नका. बाहेर आल्यावर मी म्हणालो, "तलाव जवळच आहे. उद्यापासून जात जा."

ती रिक्षात बसली. मग म्हणाली, "आते कारण शे ना? मंग मी नही जास."

ती खरोखरच गेली नाही. मी एकटा तलावाला फेऱ्या मारू लागलो. तिथे बायका भेटत, पहाटे आणि संध्याकाळी, झपझप चालणाऱ्या, चेहरे आवळलेल्या. कानावर येई ते एकच: किती उतरलं, किती राहिलं, काल लग्नात जेवण जास्त झालं म्हणून आज दोन फेऱ्या जास्त. पाण्यावर बगळे उतरत असत, त्यांच्याकडे कोणी मान वळवत नसे. मला त्यांना थांबवावेसे वाटे. बायांनो, ही शिक्षा कोणत्या गुन्ह्याची? कोणी ठोठावली? पाय तुमचे आहेत, वारा फुकट आहे, चालावेसे वाटते म्हणून चाला, पळावेसे वाटते म्हणून पळा, आणि कोणी हेतू विचारला तर सांगा की तो विचारण्याचा अधिकार तुला नाही. मी हे कधी बोललो नाही. अनोळखी म्हाताऱ्याने बायकांना अडवून हे सांगितले असते तर लोकांनी काय केले असते, ते मला कळते. शिवाय मी कोण सांगणारा? ज्याने स्वतःच्या घरातल्या बाईला हेतू विचारला, तो.

एका संध्याकाळी पाऊस येईलसे वाटले म्हणून मी तलावावरून लवकर परतलो. पत्नी खाली नव्हती. गच्चीवर गेलो. तिने गच्चीच्या मधोमध राखेची एक आडवी रेघ ओढली होती. गॅस आल्यापासून आमच्या घरात राख नव्हती, म्हणजे तिने ती कुठूनतरी मागून आणली असणार. ती रेघेसमोर उभी होती, पदर खोचलेला, गुडघे जरा वाकवलेले. तिने डावा खांदा पुढे टाकला, थांबली, आणि उजवीकडून, कोणाच्या तरी हाताखालून जावे तशी वाकून पलीकडे गेली. पलीकडे गेल्यावर ती हसत होती. पन्नाशी ओलांडलेली, दुखऱ्या गुडघ्यांची, एकटी.

आणि मी विचारले, "काय करतेस?"

जीभ झडली असती तर चालले असते. ती दचकली. पदर सोडला. "काही नही. कपडा वाळत घालस." दोरीवर एकही कपडा नव्हता.

मी पुढे गेलो. काहीतरी दुरुस्त करावे असे वाटत होते. रेघेवर उभा राहिलो, दोन्ही हात पसरले आणि म्हणालो, "ये. मी धरतो पाटी."

तिने माझ्याकडे पाहिले. माझे हात पसरलेले होते आणि मला वाटते, ते त्या काट्याच्या आडव्या दांडीसारखे दिसत असावेत. ती पुढे आली, पण खेळण्यासाठी नव्हे. "ऱ्हाऊ द्या," ती हळूच म्हणाली. "तुमले नही जमत. अक्का अशी उभी नही ऱ्हाये." आणि तिने पायाने रेघ पुसून टाकली.

त्या दिवसापासून मी संध्याकाळी ठरलेल्या वेळी घर सोडू लागलो आणि ठरलेल्या वेळेआधी परत आलो नाही. येताना फाटकावर काठी वाजवी. तिने पुन्हा रेघ ओढली का, मला माहीत नाही. मी गच्चीवर गेलो नाही. एकदाच, जिन्याच्या पायरीवर राखेचा एक अर्धा पाय उमटलेला दिसला. मी तो ओलांडून गेलो.

त्यानंतरच्या वर्षी एकाच आठवड्यात दोन गोष्टी झाल्या. नगरपालिकेचे पत्र आले: अट क्रमांक तीन शिथिल करण्यात आली आहे, तथापि सदर मैदानावर व्यापारी गाळ्यांचे बांधकाम पूर्ण झालेले असल्याने जागा उपलब्ध करून देणे शक्य नाही. आणि पेन्शनच्या कामासाठी कोषागारात गेलो असता तिथे जुना बेलिफ भेटला. निवृत्त झाला होता. त्याने नमस्कार केला आणि डोळे पुसले. "साहेब, घरात पोटाचं दुखणं निघालंय. फार दिवस नाहीत म्हणतात."

पत्नीला अक्काच्या दुखण्याचे सांगितले तेव्हा ती उठली आणि पिशवी भरू लागली. सकाळच्या एसटीने आम्ही बेलिफाच्या गावी निघालो. नगरपालिकेचे पत्र मी घेतले होते. अक्काला वाचून दाखवावे, असे मनात होते. माफी मागायची तर हातात कागद असावा, एवढेच मला कळत होते.

अक्का अंगणात खाटेवर होती. मी तिला ओळखले नाही. ती रुंदी कुठे गेली होती? खांद्याची हाडे लुगड्यातून वर आली होती, मनगट माझ्या पत्नीच्या मनगटाएवढे झाले होते. पाहायला आलेली नात्यातली एक बाई जाता जाता म्हणत होती, "पण अक्का, एक सांगू, बारीक किती छान दिसतात हो तुम्ही आता!"

ती बाई गेल्यावर अक्काने माझ्याकडे मान वळवली. डोळे मात्र तेच होते. "नाझरसाहेब," ती म्हणाली, "आते तरी तो काटा माले पास करी का?"

माझा हात पिशवीत पत्रावर होता. तो तिथेच राहिला. तोवर माझी पत्नी अंगणाच्या कोपऱ्यातल्या पाणी तापवायच्या चुलीशी वाकली होती. तिने ओंजळभर राख घेतली. खाटेच्या पुढे, अक्काच्या हाताच्या अंतरावर, जमिनीवर एक आडवी रेघ ओढली. मग मागे सरकली आणि पदर कमरेला खोचला.

अक्काने उशीवरून डोके उचलले. बेलिफ पुढे धावला, तिने त्याला डोळ्यांनीच थांबवले. कोपरावर रेलून तिने उजवा हात खाटेबाहेर पसरला.

"ये वं बारके," ती म्हणाली. आवाज खाटेच्या पलीकडे गेला नसता. "दखाडस तुले."

पत्नीने डावा खांदा पुढे टाकला. अक्काचा हात डावीकडे गेला. इतकी वर्षे जिची तयारी चालली होती ती वाट उजवीकडे सताड उघडी होती, आणि माझी पत्नी तिथून निघाली. ती किती हळू गेली ते मी पाहिले. गुडघ्यांमुळे गेली की मुद्दाम गेली, हे मी तिला तेव्हाही विचारले नाही आणि पुढेही नाही. अक्काचा हात फिरला, हवेत चाचपडला, आणि दोन बोटे तिच्या पदराला लागली.

"बाद!" अक्का म्हणाली. "बाद व्हयनी!"

"व्हयनू वं अक्का," माझी पत्नी म्हणाली. ती रेघेवरच खाली बसली, राखेत, नेसत्या चांगल्या पातळासकट, आणि दोघी हसू लागल्या. अक्काला हसताना कळ येत होती, तरी थांबत नव्हती.

मी पत्र बाहेर काढले नाही. बेलिफ चहा सांगायला आत गेला होता, मी त्याच्यामागे आत गेलो. उंबऱ्याशी पोहोचलो तेव्हा मागून अक्काचा आवाज आला, "चाल, आजून एक डाव," आणि मी वळून पाहिले नाही.